लघुलहरी अँटेना : मोठा आवाज नव्हे, स्पष्ट आवाज ही खरी कसोटी

नवी दिल्ली : २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीमुळे अंदमान-निकोबार बेटांवरील दूरसंचार यंत्रणा कोलमडली, तेव्हा पोर्ट ब्लेअर येथील हौशी रेडिओचालकांनी मुख्य भूमीशी संपर्क राखला. अशा संपर्काचा आधार असतो तो ३ ते ३० मेगाहर्ट्झचा उच्च वारंवारता पट्टा. या लहरी आयनांबरातून परावर्तित होऊन हजारो किलोमीटर अंतरावर पोहोचतात. तेथे पोहोचलेला क्षीण संदेश समजेल की नाही, हे मात्र बऱ्याच अंशी ग्रहण करणाऱ्या अँटेनावर ठरते.

प्रक्षेपणाच्या अँटेनाने अधिकाधिक शक्ती बाहेर टाकणे अपेक्षित असते. ग्रहणाचे गणित निराळे आहे. या पट्ट्यात विजा, एलईडी दिवे, चार्जर आणि सौर इन्व्हर्टर यांच्यामुळे येणारी खरखर बहुधा रिसीव्हरच्या अंगभूत खरखरीपेक्षा अधिक असते. त्यामुळे मोठा अँटेना संदेशाबरोबर खरखरही वाढवतो.

पहिली चाचणी सोपी आहे. अँटेनाची जोडणी काढून पुन्हा जोडावी. जोडताच खरखर स्पष्टपणे वाढली, तर संवेदनशीलता पुरेशी आहे. आणखी प्रवर्धनाने फारसा लाभ होत नाही. त्यानंतर घराचा वीजपुरवठा बंद करून रिसीव्हर बॅटरीवर चालवावा. खरखर घटली, तर तिचा उगम घरातच आहे.

दोन अँटेनांची तुलना करताना लहरींची तीव्रता क्षणोक्षणी बदलत असते. म्हणून एकाच केंद्रावर दोन्ही अँटेना झटपट आलटून-पालटून, अनेकदा तपासावे लागतात. समजा, लांब तारेवर संदेश ‘एस-७’ आणि खरखर ‘एस-६’ आहे, तर लहान वलयाकार अँटेनावर त्या अनुक्रमे ‘एस-५’ आणि ‘एस-२’ आहेत. एक एकक ६ डेसिबलचे मानल्यास पहिला फरक ६, तर दुसरा १८ डेसिबल होतो. आवाज कमी असूनही दुसरा अँटेना सरस ठरतो.

कपॅसिटरने जुळवल्या जाणाऱ्या वलयाची जुळणी खरखर ऐकूनच करतात. कपॅसिटर हळूहळू फिरवताना खरखर एकाएकी उंचावते, तोच अनुनादाचा बिंदू. वारंवारता बदलली की ही जुळणी पुन्हा करावी लागते. त्यानंतर वलय फिरवून त्याची ग्रहण न करणारी दिशा स्थानिक खरखरीच्या उगमाकडे वळवली जाते. आकाशमार्गे येणाऱ्या संदेशावर याचा परिणाम तुलनेने कमी होतो.

आयनांबराची स्थिती दिवसा आणि रात्री वेगळी असते. त्यामुळे दोन्ही वेळच्या नोंदी शांततेच्या काळातच घेऊन ठेवणे आवश्यक ठरते. आपत्तीत क्षीण हाक कानी पडली, तर ती पडताळण्यास दुसरी संधी मिळेलच असे नाही.