उंचीच्या हिशेबावर चालणारं शहर

दर पावसाळ्यात मुंबईच्या वर्तमानपत्रांत एक चौकट छापून येते: सात तलावांची आजची स्थिती. आपण थेट टक्क्यांच्या रकान्याकडे जातो. चाळीस टक्के? अजून कपात राहणार. नव्वद? सुटलो! पण त्याच चौकटीत आणखी एक रकाना असतो आणि त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. तलाव भरून वाहू लागण्याची पातळी. तानसा १२८.६३ मीटर. मोडकसागर १६३.१५. विहार ८०.१२. अप्पर वैतरणा तब्बल ६०३.५१.

पाणी किती आहे, हे सांगायला उंची कशाला हवी? आणि तीही सेंटिमीटरपर्यंत मोजून?

कारण किती पाणी आहे, हा अर्धाच प्रश्न आहे. ते किती उंचावर आहे, हा उरलेला अर्धा. तो एकदा कळला की मुंबईचा अख्खा पाणीपुरवठा वेगळाच दिसू लागतो.

या उंचीची एक गंमत आधी सांगून टाकतो. यातले बरेचसे आकडे समुद्रसपाटीपासूनचे नाहीत. फोर्टातल्या टाउन हॉलवर, म्हणजे आजच्या एशियाटिक ग्रंथालयाच्या इमारतीवर, एक खूण ठरवून तिच्यावरून मुंबईच्या उंच्या मोजायची पद्धत पडली. तिचं शून्य समुद्राच्याही बरंच खाली धरलेलं आहे. म्हणजे सखल जागेचा आकडाही उणे येत नाही आणि कारकुनाची वजाबाकी चुकत नाही. शहापूरच्या जंगलातलं धरण आजही फोर्टातल्या एका इमारतीच्या हिशेबाने मोजलं जातं!

आता मुख्य चमत्कार. मुंबईला रोज सुमारे ३९० कोटी लिटर पाणी पुरवलं जातं. त्यातलं वैतरणा आणि तानसा या नद्यांचं पाणी जवळपास शंभर किलोमीटर लांबून येतं, आणि त्याला पुढे ढकलणारा एकही पंप वाटेत नाही. इंजिन नाही, वीज नाही. ते फक्त उतरतं.

उतार किती? समजा, शंभर किलोमीटरच्या प्रवासात पन्नास मीटर उंची वापरायला मिळाली. म्हणजे प्रत्येक मीटरला अर्धा मिलिमीटर. घरातल्या फरशीचा उतार एवढा कमी असेल, तर मोरीतलं पाणी जागचं हलणार नाही. तरीही नळातलं पाणी माणूस चालतो साधारण त्या वेगाने निघतं आणि एका दिवसाच्या आसपास शहराच्या वेशीवर पोचतं. वाटेत दरी आली तर ते खाली उतरतं आणि पलीकडे स्वतःहून वर चढतं. अट एकच: निघाल्या जागेपेक्षा वर जायचं नाही, आणि वाटेत घर्षणात जेवढी उंची गेली तेवढी तर कधीच परत मागायची नाही.

महिन्याचा पगार एकदाच हातात पडावा आणि तो शेवटच्या तारखेपर्यंत पुरवायचा असावा, तसा हा व्यवहार आहे. निसर्ग पाण्याला उंची एकदाच देतो. मग नळाच्या प्रत्येक वळणावर, प्रत्येक झडपेत, आतल्या गंजाच्या प्रत्येक खवल्यावर ती थोडीथोडी खर्च होते. इंजिनिअरचं खरं काम पाणी वाहून नेण्याचं नाहीच. ते उंची वाचवण्याचं आहे.

कशी वाचवायची? नळ मोठा करून. इथे निसर्ग अनपेक्षित उदार होतो. नळाचा व्यास दुप्पट केला, तर तेवढ्याच उतारावर पाणी किती पट जाईल? दुप्पट म्हणाल. जरा विचार करून, तोंडाचं क्षेत्रफळ आठवून, चौपट म्हणाल. प्रत्यक्षात जातं पाच-सहापट! पाण्याचा मधला भाग नळाच्या भिंतीपासून दूर राहतो आणि त्याला घासायला काही मिळत नाही. तानसा जलवाहिनीच्या नळांपुढे माणूस का खुजा दिसतो, त्याचं हे उत्तर.

हे शहाणपण शहराला एका दिवसात आलं नाही. १८५४ च्या दुष्काळात मुंबईचे तलाव आणि विहिरी आटल्या. गुरं शहराबाहेर माहीमकडे हलवावी लागली आणि पाणी बाहेरून आणून ओतावं लागलं. त्या काळचे तलाव आज फक्त नावांत उरलेत: धोबी तलाव, गोवालिया टँक. मग हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरच्या योजनेनुसार मिठी नदीच्या उगमापाशी बांध घालून विहार तलाव झाला आणि १८६० मध्ये त्याचं पाणी नळाने शहरात आलं. शहर कॉनिबेअरच्या अंदाजापेक्षा भराभर वाढलं. १८७९ मध्ये तुळशी झाला, तोही पुरेना. मग १८९२ मध्ये तानसा. जवळपास पावणेतीन किलोमीटर लांबीची दगडी भिंत! पाणी आणायची तऱ्हाही बघण्यासारखी होती. जमीन उंच असेल तिथे दगडी बांधणीचा पाट, आणि दरी आली की लोखंडी नळ. पाट स्वस्त पडे, पण त्याला दाब सोसत नसे. नळाला दाब सोसे, पण तो महाग. प्रत्येक टेकाडावर पैशाची आणि उंचीची अशी तडजोड झालेली आहे.

१९५७ मधल्या मोडकसागराला शहराचे इंजिनिअर एन. व्ही. मोडक यांचं नाव आहे. धरणाला इंजिनिअरचं नाव मिळणं आपल्याकडे दुर्मीळच. आता तर विचारूच नका.

हे सगळं साठवायचं तरी किती? सातही तलाव काठोकाठ भरले, तर सुमारे साडेचौदा लाख दशलक्ष लिटर पाणी होतं. आकडा डोक्यात मावत नाही ना? रोजच्या ३९० कोटींनी भागा. उत्तर येतं सुमारे ३७१ दिवस. एक वर्ष आणि वर जेमतेम आठवडा! जो काही पाऊस पडायचा तो चार महिन्यांत पडतो आणि तेवढ्यावर अख्खं वर्ष काढायचं असतं. शिवाय उन्हाने वाफ होऊन जाणारं पाणी कुणाच्या हिशेबाला थांबत नाही. म्हणून १ ऑक्टोबरला तलावांत किती पाणी आहे, यावर पुढच्या जुलैपर्यंतचं सगळं ठरतं.

सातही तलावांत अवाढव्य आहे तो भातसा. शहराचं जवळपास निम्मं पाणी त्याचं. पण त्याची वाट वेगळी. धरणातून सोडलेलं पाणी नदीच्या पात्रातूनच खाली पिसे इथल्या बंधाऱ्यापर्यंत येतं. तिथवर येताना ते आपली उंची गमावून बसतं आणि मग पंपांनी उचलून पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्राकडे चढवावं लागतं. पिशाला वीज गेली की दादरच्या नळाची धार बारीक होते, ती यामुळे. धरणापासून पिशापर्यंत नळ टाकण्याचा खर्च वाचवला, त्याची किंमत रोज विजेच्या बिलात चुकती होते.

पिशाच्या बंधाऱ्याची दारं हवा भरलेल्या रबरी पिशव्यांच्या जोरावर उभी राहतात. त्यातली एक पिशवी बिघडली. ती बदलायची तर दारापुढचं पाणी खाली आणायला हवं, आणि ते खाली आणलं की पंपांना पाणी कमी. २०२४ च्या मार्चमध्ये त्या एका पिशवीपायी मुंबईत पाणीकपात झाली. इतक्या मोठ्या यंत्रणेतली दुरुस्ती अशी असते. वस्तू साधी असते. तिच्यापर्यंत हात पोचवणं मुश्कील.

आणि ज्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा आहेत, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर का फिरतात? याचंही एक उत्तर उंचीतच आहे. अनेक पाडे तलावाच्या वरच्या अंगाला, डोंगरावर आहेत. शहराकडे पाणी फुकट उतरतं, पाड्याकडे ते चढवावं लागतं. हे भौतिकशास्त्राचं उत्तर झालं. मला ते पुरेसं वाटत नाही. मलबार हिलवर पाणी चढवायला कुणी भौतिकशास्त्राची सबब सांगितलेली नाही.

मलबार हिलचा विषय निघालाच आहे तर तिथे जाऊ. हँगिंग गार्डनमध्ये तुम्ही फिरलाच असाल. पायाखाली काय होतं, कल्पना आहे? १८८० च्या दशकातली प्रचंड टाकी. जवळपास पंधरा कोटी लिटरची. टाकी टेकडीवर का? तलावांकडून पाणी दिवसरात्र एकसारखं येतं, पण शहर ते पहाटे आणि सकाळी ओढतं. मधल्या वेळेचं पाणी उंचावर ठेवलं, की सोडताना ते पुन्हा आपल्याच जोराने उतरतं. ही टाकी बांधणाऱ्यांनी एक दूरदृष्टी दाखवली होती. आत त्यांनी कप्पे केले. २०२३ मध्ये ती पाडून नवी बांधायची की डागडुजी करायची यावरून वाद पेटला, आणि तज्ज्ञांची समिती पाहणीसाठी आत उतरली. कप्पे होते म्हणूनच हे जमलं. एक रिकामा करायचा, बाकीच्यांवर दक्षिण मुंबई चालवायची. सव्वाशे वर्षांहून जुनी टाकी बंद न करता आतून तपासता येते, हे कागदावरच्या पहिल्या रेघेपाशी ठरून गेलं होतं!

आता रस्त्यावर या. मुंबईच्या बहुतेक भागांत पाणी चोवीस तास नसतं, काही तास असतं. कुणीतरी ते चालू करतं आणि कुणीतरी बंद करतं. तो पालिकेचा चावीवाला. लांब दांड्याची टी आकाराची लोखंडी चावी घेऊन तो रस्त्यावरचं झाकण उघडतो, चावी खाली झडपेवर बसवतो आणि फिरवत राहतो. मोठ्या झडपेला शेकडो फेरे लागतात. एवढे आटे कशासाठी दिलेत? एक कारण म्हणजे, झटकन बंद करता येऊ नये म्हणून! एक मीटर व्यासाच्या नळात एका किलोमीटरला ७८५ टन पाणी मावतं, आणि ते चालत असतं. ते एका क्षणात थांबवलं तर दाबाची लाट नळभर धावते आणि जोड उखडते. या आघाताला इंजिनिअर ‘वॉटर हॅमर’ म्हणतात. चावीवाला हळू फिरवतो तो आळसाने नव्हे.

पाणी बंद असतानाही नळाला चैन नसते. दाब असेपर्यंत फुटक्या जागेतून पाणी बाहेर पडतं. दाब गेला की त्याच भोकातून बाहेरची घाण आत शिरते. सकाळचं पहिलं पाणी गढूळ का येतं, याचा उलगडा बऱ्याचदा इथे होतो. मग ते भोक शोधायचं कसं? जमिनीखाली, डांबराखाली, गटार आणि केबलींच्या गुंत्यात? ऐकून! रात्री रहदारी थांबली की कर्मचारी लोखंडी सळईचं एक टोक नळाला टेकवतात आणि दुसरं कानाला लावतात. गळणारं पाणी सुसाटतं, आणि तो आवाज लोखंडातून वर येतो. यंत्रं आली, तरी हा कान अजून निवृत्त झालेला नाही.

गळती, पाणीचोरी आणि नळांवर उभ्या राहणाऱ्या वस्त्या, या सगळ्यांतून सुटायला शहराने मोठ्या वाहिन्या भूगर्भात नेल्या. कातळात बोगदे. इमारतींचे पाये, मेट्रो, केबली यांच्याही खाली. गुंदवली ते भांडुप असा सुमारे पंधरा किलोमीटरचा बोगदा यंत्राने कोरून काढला. चोरी अशक्य, अतिक्रमण अशक्य, आणि कुणाच्या नजरेला पडायचाही प्रश्न नाही.

नजरेला पडत नाही, हीच अडचण निघाली. ठाण्यात कुणीतरी बोअर मारायला घेतली. जमिनीखाली कातळच कातळ, मग पाणी लागलं. भरपूर लागलं. बोअर मुंबईच्या बोगद्यात उतरली होती! इतक्या खोलवरच्या छिद्राची दुरुस्ती करायची तर बोगदा बंद करायला हवा. शहर तोवर कशावर जगणार? निवृत्त व्हायच्या वाटेवर असलेल्या, जमिनीवरून जाणाऱ्या जुन्या नळांवर. पाणी त्यांच्याकडे वळवलं. बोगद्याएवढं त्यांच्यात मावत नव्हतं, म्हणून ३१ मार्च २०२३ पासून महिनाभर पंधरा टक्के कपात करावी लागली. विचार करा: ते जुने नळ भंगारात काढले असते तर? पर्यायी वाहिनी कोरडी ठेवून तिची देखभाल करण्यावर पैसे घालणं लेखापालाला उधळपट्टी वाटते. त्या महिन्यात तसं म्हणायला कुणी धजावलं नसतं.

आता पुढच्या पाण्यासाठी मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प आखला आहे. समुद्र दाराशी आहे, मग शंभर किलोमीटर कशाला जायचं? प्रश्न रास्त वाटतो. पण मिठाचे कण मागे ठेवून पाणी पातळ पडद्यातून ढकलायचं, तर साधारण ५५ ते ६० बार दाब लागतो. हा दाब उंचीत मोजला तर ५५० ते ६०० मीटर पाण्याचा स्तंभ होतो. म्हणजे मनोरीच्या पंपांना किनाऱ्यावर उभं राहून रोज जवळपास अप्पर वैतरणेइतकी उंची विजेवर तयार करावी लागेल. तिथे वर हेच खारं पाणी सूर्य दर उन्हाळ्यात उचलून, मीठ खाली ठेवून, जूनमध्ये आणून ओततो. बिल येत नाही.