झाडावरचा बासरीवाला

'डाउन अंडर' मी पहिल्यांदा ऐकलं ते थोरल्या भावाच्या टेपरेकॉर्डरवर, वाजून वाजून आवाज बसलेल्या कॅसेटवर. निम्मे शब्द डोक्यावरून जात. पण तिसऱ्या कडव्यात 'बॉम्बे' आलं आणि मी कॅसेट मागे घेऊन तेवढंच पुन्हा ऐकलं. गाण्यातला ऑस्ट्रेलियन भटक्या आमच्या शहरातल्या अफूच्या अड्ड्यावर गुंगीत पडलेला होता. युरोपातून इस्तंबूल, काबूल करत भारतात उतरणाऱ्या हिप्पींची ती वाट. तिचं शेवटचं टोक गोव्याच्या किनाऱ्यावर होतं. १९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली, वर्ष सरता सरता सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि वाट बंद पडली. गाणं रचलं गेलं ते साधारण याच काळात.

पण मनात रुतून बसली ती बासरी. कडवी संपली की मधूनच एक छोटी, खट्याळ लकेर यायची आणि निघून जायची. त्या लकेरीवरून पुढे खटला उभा राहिला आणि तो ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत गेला, हे मला कळलं फार उशिरा. तेव्हापासून मिळेल ते वाचत आलो. गाण्यापेक्षा मला आता त्या लकेरीच्या दोन टोकांची माणसं जवळची वाटतात. एक शिक्षिका आणि एक बासरीवाला.

हे गाणं करणाऱ्या बँडची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल, म्हणून थोडक्यात. मेलबर्नच्या रिचमंड भागातल्या 'क्रिकेटर्स आर्म्स' या हॉटेलात वाजवणारी ही मंडळी, नाव 'मेन अ‍ॅट वर्क'. कॉलिन हेय चौदाव्या वर्षी स्कॉटलंडहून आईवडिलांबरोबर आलेला. गिटारवाल्या रॉन स्ट्रायकर्टनं घरच्या टेपवर एक धून मुद्रित केली होती. बाटल्यांत कमीजास्त पाणी भरून त्या वाजवलेल्या, म्हणजे चक्क घरगुती जलतरंग. हेयनं त्यावर शब्द बसवले. १९८० साली स्वखर्चानं काढलेल्या तबकडीच्या मागच्या बाजूला ते गाणं गेलं. १९८१ च्या अखेरीस नव्या रूपात आलं, तेव्हा ऑस्ट्रेलियात पहिल्या क्रमांकावर पोचलं आणि १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेत आणि ब्रिटनमध्येही. त्याच वर्षी 'ऑस्ट्रेलिया टू' या नौकेनं अमेरिका चषक जिंकला आणि देशभर हेच गाणं वाजलं. देश विकून खाणाऱ्यांबद्दल आपण हे लिहिलं होतं, असं हेय सांगत राहिला. लोकांनी ते अभिमानगीत म्हणूनच डोक्यावर घेतलं.

ती लकेर ग्रेग हॅमची. सॅक्सोफोन, कीबोर्ड, बासरी असं काहीही हाती धरणारा माणूस. गाण्याला थोडा ऑस्ट्रेलियन वास यावा म्हणून वाजवता वाजवता त्यानं ती घातली. गीतकार-संगीतकार म्हणून नावं लागली हेय आणि स्ट्रायकर्ट यांची. हॅमचं नाव त्यात नाही.

आता पन्नास वर्षं मागे जाऊ. मॅरियन सिंक्लेअर, जन्म १८९६, मेलबर्नच्या टूरॅक कॉलेज या मुलींच्या शाळेत संगीत शिकवत. गर्ल गाइडच्या कामातही होत्या. १९३२ मध्ये त्यांनी चार ओळींचं एक गाणं केलं. निलगिरीच्या जुन्या झाडावर बसून हसणाऱ्या कुकाबुरा पक्ष्याचं. आपल्याकडे कुकाबुरा म्हटलं की क्रिकेटचा चेंडू आठवतो. पक्षी म्हणाल तर आपल्या खंड्याचा थोराड भाऊबंद, मासे सोडून सरडे-साप खाणारा, आणि त्याचं ओरडणं माणसाच्या खदखदून हसण्यासारखं. नाव विराजुरी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेलं. ते नावही पक्ष्याच्या आवाजाचीच नक्कल करतं.

सिंक्लेअरबाईंच्या गाण्याची घडण फेऱ्याची आहे. एका गटानं पहिली ओळ संपवली की दुसरा गट तीच ओळ उचलतो, मग तिसरा. शेकोटीभोवती पाच मिनिटांत शिकवता येतं, म्हणून जगभरच्या गाइड मुलींच्या तोंडी बसलं. १९३४ मध्ये व्हिक्टोरियाच्या गाइड संघटनेनं गीतांची स्पर्धा लावली. शिबिराची जागा विकत घ्यायला पैसे उभे करायचे होते. बाईंनी हे गाणं पाठवलं आणि ते निवडलं गेलं. त्याच वर्षी फ्रँकस्टनच्या जांबोरीत ते म्हटलं गेलं, तेव्हा स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल आणि त्यांच्या पत्नी हजर होत्या.

या स्पर्धेचा एक कागद पुढे फार महत्त्वाचा ठरला. नियमांत लिहिलं होतं की आलेलं साहित्य संघटनेच्या मालकीचं होईल. पंचाहत्तर वर्षांनी वकिलांनी त्या एका वाक्यावर झुंज दिली. बँडच्या बाजूचं म्हणणं असं, की या वाक्यानं हक्क १९३४ सालीच गाइड संघटनेकडे गेले, मग आज दावा लावणाऱ्याकडे ते आलेच कुठून? सिडनीच्या संघीय न्यायालयात न्यायमूर्ती पीटर जेकबसन यांनी जुलै २००९ मध्ये हे म्हणणं नाकारलं. गाणं बाईंचंच राहिलं होतं. मला हा निकाल फार योग्य वाटतो. शाळेतल्या बाईंनी शिबिरासाठी गाणं दिलं म्हणजे ते त्यांचं उरलं नाही, असं म्हणायला कुणाची जीभ रेटावी?

बाईंनी ते गाणं अखेर कुणाला दिलं, हे वाचलं तेव्हा मी थबकलो. १९८७ साली, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांनी हक्क साउथ ऑस्ट्रेलियाच्या ग्रंथालय मंडळाच्या नावे केले. आपलं गाणं थेट ग्रंथालयाला. पुढच्या वर्षी त्या गेल्या. 'डाउन अंडर' गाजत होतं त्या सात वर्षांत त्या हयात होत्या आणि त्यांनी कुणावर दावा लावला नाही.

त्यांच्या माघारी हक्क विक्रीला निघाले. १९९० मध्ये लॅरिकिन म्युझिक या प्रकाशन कंपनीनं ते ६,१०० डॉलरला घेतले. शेकोटीच्या गाण्यासाठी ती किंमत गैर नव्हती. कंपनीलाही तेव्हा बासरीचा पत्ता नव्हता.

तो लागला २००७ साली, एबीसी वाहिनीवरच्या 'स्पिक्स अँड स्पेक्स' या प्रश्नमंजूषेत. बासरीची लकेर वाजवून विचारलं गेलं, हे कोणत्या बालगीतावरून? समोर बसलेल्यांनाही पटकन ओळखता आलं नाही. पाव शतक सबंध देशाच्या कानावर पडत असलेली गोष्ट कुणाला जाणवली नव्हती, कारण मूळ चाल आनंदी मेजरमध्ये आणि हॅमची लकेर मायनर सुरावटीत, रेगेच्या ठेक्यावर बसलेली. शिवाय तिचे तुकडे गाण्यात विखुरलेले. पण एकदा ऐकू आली की मग टळत नाही. मी स्वतः किती वेळा प्रयत्न केला आहे.

लॅरिकिननं दावा लावला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये न्यायमूर्ती जेकबसन यांनी हक्कभंग झाल्याचं ठरवलं. कायद्याचं गणित असं: किती घेतलं हे घेणाऱ्याच्या गाण्यात मोजत नाहीत, ज्याचं घेतलं त्याच्या गाण्यात मोजतात. 'डाउन अंडर'मध्ये ती लकेर चिमूटभर. पण 'कुकाबुरा' अख्खं चार मापांचं आणि त्यातली दोन मापं इथे आली, म्हणजे अर्धं गाणं. कंपनीनं उत्पन्नातला चाळीस ते साठ टक्के वाटा मागितला होता. जुलैमध्ये न्यायमूर्तींनी ती मागणी अवाजवी ठरवून पाच टक्के दिले, तेही २००२ पासूनच्या कमाईवर. मार्च २०११ मध्ये अपील फेटाळलं गेलं. त्या पीठातले न्यायमूर्ती एमेट यांनी निकाल मान्य करतानाच आपली अस्वस्थताही नोंदवली. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

हेय याला संधिसाधू हाव म्हणाला. मी त्याच्या पूर्ण बाजूनं नाही. बाईंचं नाव त्या तबकडीवर कधीच नव्हतं, आणि असायला हवं होतं. आपल्या जुन्या संगीत नाटकांची छापील पुस्तकं काढून पाहा. प्रत्येक पदाच्या माथ्यावर राग, ताल आणि 'चाल' असा शब्द, पुढे ज्या गाण्यावरून ती घेतली त्याचे आरंभीचे शब्द. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या काळापासूनचा हा शिरस्ता. कीर्तनातली चाल, लावणीतली, कानडी पदाची, जिथून आली तिथलं नाव. त्यानं पद लहान झालं नाही की नाटककार लबाड ठरला नाही. उलट प्रेक्षकाला ओळखीचा आनंद मिळाला. हॅमच्या लकेरीला असा एक शब्द पुरला असता. पाच टक्क्यांनी ते काम झालं नाही. ते पैसे ना बाईंकडे गेले, ना त्यांनी निवडलेल्या ग्रंथालयाकडे.

निकालाचा खरा घाव बसला तो हॅमवर. गीतकारांत ज्याचं नाव नाही, त्या माणसाच्या माथी चोरीचा शिक्का. आपली आठवण आता नक्कल करणारा म्हणूनच राहील, याचं दुःख त्यानं मेलबर्नच्या वर्तमानपत्राजवळ बोलून दाखवलं. उतारवयात तो शाळेतल्या मुलांना गिटार शिकवत असे. बाईंसारखाच शाळेत संगीत शिकवणारा. १९ एप्रिल २०१२ रोजी उत्तर कार्लटनमधल्या घरी तो मृतावस्थेत सापडला. वय ५८. खटल्याच्या ताणानं त्याला खचवलं, असं हेयनं पुढे म्हटलं.

गाणं थांबलेलं नाही. लूड नावाच्या तरुण ऑस्ट्रेलियन निर्मात्यानं अलीकडे त्याचं नवं रूप केलं, हेयनं त्यासाठी पुन्हा आवाज दिला आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या पाचात गेलं. सिंक्लेअरबाईंच्या मृत्यूला सत्तर वर्षं २०५८ मध्ये पूर्ण होतील. तोवर तिथल्या कायद्यानं 'कुकाबुरा'वर मालकी चालू राहील.

मी मात्र १९८१ चा जुना व्हिडिओच काढून बसतो. कडवं संपतं आणि चित्र बदलतं. अठ्ठावीस वर्षांचा हॅम झाडाच्या फांदीवर बसला आहे, बासरी ओठांना आडवी धरलेली. निलगिरीवर बसलेल्या पक्ष्याच्या गाण्यातली लकेर तो झाडावर बसून वाजवतो आहे, उघडपणे, सगळ्या जगासमोर, जणू ती कुठून आली हे हातानं दाखवतो आहे. न्यायालयाच्या कागदांत हेच दृश्य बँडविरुद्ध नोंदलं गेलं.