विश्लेषण : पुस्तकाआधीच हिंदी आली, मग दहा वर्षे शिकूनही इंग्रजी का येत नाही?

यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यात एखाद्या तांड्यावर जा आणि चौथीतल्या मुलाशी हिंदीत बोला. बहुधा उत्तर हिंदीतच मिळेल. हा मुलगा घरी गोरमाटी बोलतो, शाळेत मराठी. मराठी शाळेत हिंदीचे पुस्तक हाती येते ते पाचवीत. म्हणजे पुस्तक येण्याआधीच भाषा येऊन बसलेली असते. इंग्रजीचे उलटे आहे. राज्यातल्या मराठी शाळांत २०००-०१ पासून इंग्रजी पहिलीपासूनच शिकवली जाते. तरी बारावी, पदवी झालेला तरुण नोकरीच्या मुलाखतीत ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ ऐकले की गप्प होतो. मूल तेच, मग एका भाषेत एवढे सोपे आणि दुसरीत एवढे अवघड का?

हिंदी नेमकी आली कशी?

टीव्हीवरून, सिनेमातून, बाजारातून. दूरदर्शनवर जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात दर रविवारी सकाळी ‘रामायण’ लागायचे. गावात एखाद-दुसरा टीव्ही आणि त्यासमोर अख्खी वस्ती. त्यातली संस्कृतप्रचुर हिंदी रोजच्या बोलण्यातली नव्हती. पण गोष्ट आधीच माहीत होती, पडद्यावर काय चालले आहे ते दिसत होते. वनवासाचा प्रसंग आहे हे कळत असेल, तर त्या वेळी कानावर पडणाऱ्या शब्दांचा अर्थ लावायला शब्दकोश लागत नाही. अक्षरओळख नसलेल्या आज्यांनाही ते समजत होते. पुढे कार्टून आले, मग मोबाइल आला. पद्धत तीच राहिली. आणखी एक गोष्ट : या सगळ्यात कुणी परीक्षा घेतली नाही, चुकले म्हणून कुणी हातावर छडी मारली नाही.

याला शास्त्रीय आधार आहे का?

आहे. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशेन यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या सिद्धांताला ‘कॉम्प्रिहेन्सिबल इनपुट’ म्हणतात. सोप्या मराठीत, कानावर पडणारी आणि समजणारी भाषा. क्रॅशेन ‘भाषा शिकणे’ आणि ‘भाषा अंगवळणी पडणे’ यांत फरक करतात. काळ, प्रयोग, विशेषणे पाठ करणे हे शिकणे. अर्थाकडे लक्ष असताना भाषा नकळत आत मुरते, ते अंगवळणी पडणे. बोलताना कामाला येते ती मुख्यतः ही मुरलेली भाषा. पाठ केलेले नियम फार तर चूक तपासायला उपयोगी पडतात. ऐकलेली भाषा आपल्या पातळीच्या किंचित वर असावी आणि मनावर भीतीचे दडपण नसावे, या त्यांच्या दोन अटी.

यातला ‘समजणारी’ हा शब्द महत्त्वाचा. रेडिओची सुई दोन स्टेशनांच्या मध्ये अडकली, तर दिवसभर ऐकूनही हाती खरखरच लागते. इंग्रजी बातम्यांचे चॅनल घरात लावून ठेवणाऱ्यांचे नेमके हेच होते. वाचनाबाबत २००० मध्ये झालेल्या एका प्रसिद्ध अभ्यासानुसार, मजकूर मदतीशिवाय नीट समजायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे ५० शब्दांत एखादाच नवा. सातवी-आठवीच्या इंग्रजी धड्यातल्या एखाद्या परिच्छेदात मुलाला अनोळखी असलेले शब्द मोजून पाहा, अडचण लगेच लक्षात येईल.

मग बाळासमोर इंग्रजी कार्टून लावून द्यायचे?

नाही. याचे उत्तर पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ च्या प्रयोगात मिळते. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना मंदारिन चिनी ऐकवण्यात आली. काहींसमोर माणूस बसून खेळत-बोलत होता, काहींना तेच पडद्यावर दाखवले, काहींना नुसता आवाज ऐकवला. माणसाकडून ऐकणारी बाळे त्या भाषेतले ध्वनी ओळखू लागली. पडदा आणि आवाजाच्या गटांत फरक पडला नाही. बाळाला भाषा माणसाकडून हवी असते. समजण्याइतकी गोष्ट आणि चित्र यांची जोड लावणे मोठ्या मुलाला जमते.

क्रॅशेन यांच्यावर टीकाही झाली. ‘किंचित वर’ म्हणजे किती, हे मोजायचे कसे? कॅनडात मेरिल स्वेन यांना आढळले की, वर्षानुवर्षे फ्रेंचमधून शिकलेल्या इंग्रजी भाषक मुलांना ऐकलेले छान समजायचे, पण बोलण्या-लिहिण्यात चुका राहून जायच्या. ऐकण्याइतकेच तोंड उघडणेही लागते, असे त्यांनी १९८५ मध्ये मांडले. आपल्याकडची अडचण मात्र त्याही आधीची आहे. इंग्रजीच्या तासालाही बोलणे मराठीतच, प्रत्येक ओळीचे भाषांतर आणि खाली प्रश्नोत्तरे. समजेल अशी इंग्रजी मुलाच्या कानावर पडते तरी किती मिनिटे?

तांड्यावरच्या मुलांसाठी वेगळे काय?

त्यांच्यासाठी मराठी हीच दुसरी भाषा. गोरमाटीत आईला ‘याडी’ म्हणतात, ‘आहे’ला ‘छ’. पहिलीत आलेल्या मुलाला गुरुजींचे अर्धे बोलणे कळत नाही आणि गप्प बसल्यामुळे त्याच्यावर ‘ढ’चा शिक्का बसतो. जिल्ह्यातल्या कोलाम पोडांवर हे अंतर आणखी मोठे आहे, कारण कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा. सरकारी नोंदीत तर बंजारा मुलाची भाषा वेगळी दिसतही नाही; जनगणना ती हिंदीच्या गटात मोजते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा म्हणते.

पुस्तके येतील तेव्हा येतील. तोवर वर्गात करता येण्यासारखे आहे. ‘ऊठ’, ‘दार लाव’, ‘लाल खडू आण’ अशा सूचना गुरुजींनी आधी स्वतः करून दाखवायच्या, मुलांनी फक्त कृती करायची, उत्तराची सक्ती नाही. जेम्स अ‍ॅशर यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत मांडली. मराठी, इंग्रजी दोन्हींसाठी ती चालते आणि खर्च शून्य.

फोनवर काय करता येईल?

माहीत असलेली गोष्ट इंग्रजीत शोधा. ससा-कासव, टोपीवाला, स्वयंपाकाचा किंवा मोटार दुरुस्तीचा व्हिडीओ. हात काय करताहेत ते दिसले पाहिजे. एकच व्हिडीओ तीन-चार दिवस पाहिला तरी चालेल, उलट बरेच. आवाज बंद केला तरी काय चालले आहे ते कळत असेल, तर निवड बरोबर आहे. सबटायटल मराठी नको, इंग्रजी ठेवा. मराठी असले की डोळे तिकडे जातात आणि कान बंद होतात. ज्या भाषेचा आवाज त्याच भाषेची अक्षरे, हा प्रयोग भारतात नवा नाही. आयआयएम अहमदाबादचे ब्रिज कोठारी १९९६ पासून त्यावर काम करत आले आणि दूरदर्शनच्या ‘चित्रहार’मध्ये गाण्यांच्या ओळी दिसू लागल्या त्या यातूनच. गाणे पाठ असल्याने कमी वाचता येणारेही नकळत अक्षरांवरून नजर फिरवत.

गोरमाटी गाणी यूट्यूबवर आता भरपूर आहेत. त्यांच्याखाली ओळी मात्र क्वचित असतात. या भाषेला स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहिली जाते, तेलंगणात तेलुगू लिपीत, कर्नाटकात कन्नडमध्ये.