सरकारी कार्ड की खासगी पॉलिसी?

‘डॉक्टर, घरात बाळ येणार आहे, विमा कोणता घ्यावा?’ इंदूरच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न वारंवार येतो. मी उलट विचारतो, बाळाला संरक्षण कोणत्या दिवसापासून मिळणार?

अनेक खासगी पॉलिसींत ते ९० दिवसांनंतरच सुरू होते. प्रसूतीचे संरक्षण असेल तर काही कंपन्या पहिल्या दिवसापासून बाळास सामावून घेतात. पण त्यासाठी बहुधा दोन ते चार वर्षे थांबावे लागते. अकाली जन्मलेल्या बालकाला अतिदक्षता कक्ष लागतो तो नेमका पहिल्या आठवड्यांत! म्हणून पॉलिसी विवाहानंतर लगेच घ्यावी. सातव्या महिन्यातील धावपळ व्यर्थ ठरते.

२०१८ साली सुरू झालेली आयुष्मान भारत योजना याबाबतीत अधिक उदार आहे. पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार, सदस्यसंख्येचे बंधन नाही, जुन्या आजारांसाठी प्रतीक्षा नाही आणि नवजात शिशूवर मातेच्या कार्डावरच उपचार. अडचण आहे ती पात्रतेची. आपल्यातील बहुतेक नोकरदार कुटुंबे त्या यादीत बसत नाहीत. मात्र ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या आजी-आजोबांना उत्पन्नाची अट राहिलेली नाही. खासगी पॉलिसी असली तरी हे कार्ड मिळते. ते अवश्य काढावे.

पॉलिसीतील खोलीभाड्याची मर्यादाही वाचावी. त्याहून महाग खोली घेतल्यास डॉक्टरांच्या शुल्कासारख्या इतर बाबींतही त्याच प्रमाणात कपात होऊ शकते. लसीकरणासाठी मात्र सरकारी केंद्र आहेच. राष्ट्रीय कार्यक्रमातील लसी तेथे विनामूल्य मिळतात.