जुन्या पिकअपची पारख : लोहचुंबकाची साक्ष

(लेखांक नववा)

गेल्या खेपेस आपण वेल्डिंगच्या शिवणीपाशी थांबलो होतो, आणि या आठवड्यात कॅटलिटिक कन्व्हर्टरच्या पेटीकडे वळण्याचे मी कबूल केले होते. परंतु मध्यंतरी तासगावकडील एका बागाईतदार वाचकांचे पत्र आले, आणि त्यातला प्रश्न इतका नेमका व इतक्या जणांना पडणारा आहे की त्याची शहानिशा केल्यावाचून पुढे जाणे मला प्रशस्त वाटेना. कन्व्हर्टर तूर्त मुलतवी.

हे वाचक द्राक्षांच्या वाहतुकीसाठी जुनी बोलेरो पिकअप घेऊ पाहत आहेत. गाडी बीएस-4 काळातली, कागदपत्रे रीतसर, आणि सायलेन्सर कंपनीचाच असून त्याला कधी हात लावलेला नाही, असे विकणाऱ्या इसमाचे सांगणे. वाचकांबरोबर गेलेल्या मिस्त्रींनी मात्र गाडीखाली शिरून नळीला लोहचुंबक लावला. तो चटकन चिकटला, नळीभर तांबूस गंजही दिसला, तेव्हा ‘स्टेनलेस नाही, साधा पत्रा आहे, म्हणजे लोकल माल बसवलाय’ असा निवाडा देऊन ते मोकळे झाले. वाचक विचारतात, ही चुंबकाची साक्ष ग्राह्य धरावी काय?

एकट्या त्या साक्षीवर तर मुळीच धरू नये. स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही, या समजुतीचा माग काढीत गेले तर तो भांड्यांच्या बाजारात जाऊन पोचतो. तेथे उत्तम समजल्या जाणाऱ्या पोलादात सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. त्यातल्या निकेलामुळे धातूची अंतर्गत रचनाच अशी पालटते की चुंबक तिला धरीत नाही, आणि म्हणून चुंबक घेऊन पातेले पारखणारी गृहिणी आपल्या क्षेत्रात बरीचशी बरोबर असते. परंतु गंजाला रोखणारा मुख्य घटक निकेल नसून क्रोमियम आहे. 1913 साली शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी जे पोलाद ओतविले आणि ज्यापासून स्टेनलेसचा लौकिक सुरू झाला, त्यात क्रोमियम सुमारे 13 टक्के होते. निकेलाचा त्यात वाटा नव्हता, आणि त्याला चुंबक खुशाल चिकटत असे.

मोटारींच्या कारखान्यांनी धुराच्या नळीसाठी जी जात सर्वाधिक पसंत केली, ती या बिननिकेली घराण्यातलीच आहे. 409 क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या या पोलादात क्रोमियम जेमतेम 11 टक्के, म्हणजे स्टेनलेस म्हणवून घेण्यास पुरेल इतकेच. निकेल महाग, हे त्या पसंतीचे एक कारण उघडच आहे. पण दुसरे कारण मला अधिक मनोरम वाटते, आणि ते असे की हे पोलाद तापल्यावर कमी वाढते. 3 मीटर लांबीची नळी 300 अंशांनी तापली तर ती सुमारे 10 मिलिमीटर लांबते. तीच नळी भांड्यांच्या पोलादाची असती तर 15 मिलिमीटर लांबली असती. दिवसातून कित्येकदा तापणाऱ्या आणि निवणाऱ्या नळीच्या सांध्यांना हा फरक वर्षानुवर्षे सोसावा लागतो, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे कारखान्यातल्या अभियंत्याची निवड केवळ काटकसरीची नव्हती हे पटते.

आता गंजाचा आरोप. इतक्या अल्प क्रोमियमाचे पोलाद पावसाचिखलात वावरले की वरवर तांबूस होतेच. मात्र हा रंग त्वचेपुरता असतो. नळी पूर्ण निवल्यावर पेचकसाच्या टोकाने थोडे खरवडावे : खाली लगेच पांढुरका, सलग धातू दिसला तर भिण्याचे कारण नाही. साध्या पत्र्याचा गंज पापुद्र्यांनी सुटतो, आणि प्रत्येक पापुद्र्याबरोबर नळीची जाडीही जाते. काही कंपन्या साध्या पोलादावर ॲल्युमिनियमचा तप्त मुलामा चढवलेली नळी वापरतात. तिलाही चुंबक चिकटतो, आणि तिचा गंज प्रथम वेल्डिंगच्या कडेला, जेथे मुलामा जळलेला असतो तेथे, प्रकट होतो. या करड्या मुलाम्याची नक्कल करण्यासाठी लोकल नळीला चंदेरी रंग फासतात. तो नखाने वा नाण्याने निघतो, मुलामा निघत नाही.

गंमत अशी की चुंबक ज्याला निर्दोष ठरवील असा लोकल मालही बाजारात विपुल आहे. मागच्या टोकाला लावलेला चकचकीत तुकडा बहुधा मँगनीजच्या भरीवर निघालेल्या स्वस्त स्टेनलेसचा असतो, आणि त्याला चुंबक चिकटत नाही. उलट, इंजिनाजवळ हादरे गिळण्यासाठी बसवलेला वळीदार लवचीक तुकडा अस्सल कंपनीचा असूनही पुष्कळदा निकेलयुक्त पोलादाचा असतो. म्हणजे एकाच अस्पर्श नळीवर चुंबक एके ठिकाणी चिकटेल, दुसरीकडे घसरेल. तेव्हा चुंबकाला विचारण्याजोगा प्रश्न एवढाच, की सरळ नळीवरून तो हळूहळू फिरवीत नेला असता त्याची ओढ मध्येच अकारण बदलते काय? बदलत असेल तर तेथे दुसऱ्या जातीचा तुकडा जोडलेला आहे, आणि गेल्या लेखांकातली शिवणीची तपासणी तेथेच करावी.

अस्सलपणाचा भक्कम पुरावा धातूत नव्हे, घडणीत शोधावा. सायलेन्सरच्या पेटीवर ठोकलेला भागक्रमांक, पत्र्याच्या कडा एकमेकींत दुमडून घातलेली घडी, वळणावरही न चेपलेली नळी, आणि चासीवरील प्रत्येक कंसाला आपापले रबर व प्रत्येक रबराला आपापली आकडी, इतके सारे एकत्र जुळवून आणण्याचा खटाटोप गल्लीतला कारागीर सहसा करीत नाही. चासीवर एखादा कंस रिकामा लोंबत असेल, तर विकणाऱ्याची जबानी पुन्हा एकदा घ्यावी.

पत्राच्या शेवटी वाचकांनी जाता जाता लिहिले आहे की पेटीच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असून त्यातून पाण्याचे थेंब पडतात, आणि मिस्त्रींनी ते वेल्डिंगने बुजवून देण्याची तयारी दर्शवली आहे. कृपा करून हे होऊ देऊ नका. 1 लिटर डिझेल जळाले की सुमारे 1 लिटर पाणी वाफेच्या रूपाने जन्मास येते. नळी तापलेली असेतो ते धुराबरोबर निघून जाते, पण शेतापासून गावापर्यंतच्या तोकड्या फेऱ्यांत पेटी पुरती तापतच नाही, वाफेचे पाणी होते, त्यात धुरातली आम्ले मिसळतात, आणि हे मिश्रण पेटीच्या तळाशी साचून पत्रा आतून खात बसते. त्याला वाट मिळावी म्हणून अनेक कंपन्या असे भोक मुद्दाम ठेवतात. कातरल्यासारखी स्वच्छ कड असलेले, पेटीच्या नेमक्या सखल बिंदूवरचे भोक हे गळतीचे नव्हे, नियोजनाचे चिन्ह होय; गंजाने पडलेल्या भोकाची कड फाटकी असते आणि भोवतालचा पत्रा बोटाने दाबता येतो.

सारांश, तासगावच्या गाडीविरुद्ध दाखल झालेले तिन्ही पुरावे, चुंबक, तांबूस रंग आणि थेंब, हे विकणाऱ्याच्याच बाजूचे निघण्याचा संभव अधिक आहे. वाचकांनी भागक्रमांक तेवढा पाहून घ्यावा आणि सौदा करावा. मात्र दरम्यानच्या काळात मिस्त्रींनी ते भोक बुजवलेच असेल, तर सायलेन्सर अस्सल असूनही गाडी थोडी कमी भावाने मागावी.