खेळाचे नियम व त्यांची जाहीर पारख

कोणताही खेळ कागदावर निर्दोष दिसतो. नियम रचणारा आणि त्याचे चार स्नेही तो खेळतात, तेव्हां नियमांतील पोकळी ते नकळत भरून काढतात. कारण रचणाराच्या मनांत काय आहे हें त्यांस ठाऊक असतें. परगांवच्या खेळाडूंस तें ठाऊक नसतें, आणि पहिलें भांडण तेथेंच उद्भवतें. यासाठींच नियमांची जाहीर पारख हवी. आणि ती लांबली म्हणजे खेळाडूंचा जो जळफळाट होतो तो अगदींच अनाठायीं नसतो.

श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं लहानपणीं हुतुतू खेळला असेल. या खेळास नियमबद्ध सामन्याचें रूप देण्याची खटपट महाराष्ट्रांत 1918 च्या सुमारास सुरू झाली व तींत सातारा अग्रेसर होता. परंतु नियम छापून निघाले ते 1923 सालीं. त्याच वर्षीं बडोद्यास त्या नियमांनीं अखिल भारतीय सामने झाले. मधें पांच वर्षें गेलीं. चौदाव्या वर्षीं मांडी थोपटून मैदानांत उतरलेला मुलगा तोंवर एकोणीस वर्षांचा झाला. एवढ्या काळांत शाळासोबती पांगतात, कोणी शेतावर जातो, कोणी नोकरीच्या शोधांत मुंबईची वाट धरतो.

विलंब कां होतो, हेंही पाहिलें पाहिजे. हुतुतू एक नव्हता. संजीवनी प्रकारांत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला कीं आपला बाद गडी जिवंत होऊन परत येई. दुसऱ्या एका प्रकारांत बाद झालेला गडी आपला सारा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. अमर प्रकारांत कोणीच बाहेर जात नसे. केवळ गुण मांडले जात. आतां यांतील एक नियम उचलला कीं दुसरा त्यामागून ओढला येतो. गडी पुनः पुनः जिवंत होऊं लागले तर डाव संपणार केव्हां? म्हणून घड्याळ आलें. गड्यास बाहेर बसविलें तर घड्याळावांचून भागतें, पण आरंभींच बाद झालेल्या बिचाऱ्यास खेळ पाहत बसण्यापलीकडे काम उरत नाहीं. अमर प्रकारांत सर्वांस खेळावयास मिळतें, पण चोख गुणलेखक लागतो. कोणता दोष पत्करावयाचा, हें बंद खोलींतील चर्चेनें ठरत नाहीं. चार गांवच्या संघांनीं ते नियम घोळसून पाहावे लागतात.

बुद्धिबळांतही हेंच. सांगली हें बुद्धिबळाचें गांव. आपल्या जुन्या पद्धतींत प्यादें आरंभींही एकच घर चाले. पाश्चात्य पद्धतींत त्यास पहिल्या खेपेस दोन घरें मिळालीं. मग शत्रूच्या प्याद्याशेजारून निसटणाऱ्या या प्याद्यास वाटेंत मारण्याचा निराळा नियम करावा लागला.

अमेरिकेंत 1974 सालीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा मेजाभोंवतीं बसून खेळावयाचा खेळ निघाला. एकानें कथा चालवावयाची व इतरांनीं पात्रें होऊन आयत्या वेळीं बोलावयाचें. सांगलीकरांस यांत फारसें नवल वाटूं नये; विष्णुदास भावे यांच्या 1843 च्या ‘सीतास्वयंवरां’तही सूत्रधार पद्यांनीं कथा पुढें नेई व पात्रें आपलीं भाषणें बहुतांशीं जागच्या जागीं जुळवीत. त्या अमेरिकन खेळाच्या पांचव्या आवृत्तीचे कच्चे नियम 2012 सालीं कोणासही खेळून पाहण्यास खुले केले, आणि पक्कीं पुस्तकें 2014 मध्यें निघालीं. नियम कच्चे म्हणून दडवून ठेवण्यापेक्षां, ते कच्चे आहेत असें सांगून लोकांच्या हातीं देणें केव्हांही बरें. अशानें तक्रारी वाढतात खऱ्या. पण त्याच तर हव्या असतात.

हुतुतूचे नियमही 1923 नंतर बदलत राहिले. 1936 सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें त्याचें प्रात्यक्षिक दाखविलें; 1990 सालीं बीजिंग येथील आशियाई सामन्यांत कबड्डी या नांवानें त्यास पदकाचें स्थान मिळालें. आज प्रत्येक बाजूस सात गडी मैदानांत असतात, पुरुषांचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन भागांत खेळला जातो, आणि बाद गडी संजीवनीच्याच रीतीनें परत येतो.