‘काकी, बेरीज करू का वजाबाकी?’

मैत्रिणींनो, घटक चाचणी जवळ आली, की तिन्हीसांजेला घरोघरी हा एक प्रश्न हमखास ऐकू येतो. आपले हात पिठात, कुकरची शिट्टी चाललेली आणि बाहेरच्या खोलीतून हाक येते, ‘आई, ह्यात बेरीज करायची का वजाबाकी?’ आपणही घाईत विचारतो, ‘शेवटी काय लिहिलंय? एकूण किती? मग कर की बेरीज!’ उत्तर बरोबर येतं, वही मिटते. पण पोरानं गणित वाचलंच नाही, हे आपल्या दोघांच्याही लक्षात येत नाही.

मी काही गणिताची शिक्षिका नव्हे. बीकॉम झाले आणि बरीच वर्षं एका पतसंस्थेत आकडे जुळवले. आता संध्याकाळी आमच्या पेठेतली पाच-सहा पोरं वह्या घेऊन माझ्याकडे येतात. बेरीज, गुणाकार, भागाकार मांडून दिला तर फटाफट करतात. तीच आकडेमोड गोष्टीत घालून दिली, की पेन्सिल चावत बसतात. शाब्दिक उदाहरण म्हटलं, की निम्मी हिंमत तिथंच जाते.

यातल्याच एका सातवीतल्या मुलीची ही हकिकत. तिची आई भाजी विकते. सुट्टीच्या दिवशी मुलगी आईच्या शेजारी बसते. एकदा मी तिच्याकडून 40 रुपये किलोचे 2 किलो कांदे आणि 30 रुपये किलोचे दीड किलो बटाटे घेतले आणि 200 ची नोट दिली. पोरीनं डोळ्याचं पातं लवायच्या आत 75 रुपये परत दिले! दोनच दिवसांनी अगदी तसंच उदाहरण वहीत आलं, तर म्हणाली, ‘काकी, मला गणित जमतच नाही.’ तिची आई तर म्हणाली, ‘वहिनी, डोकंच नाही हिला. दहावी झाली तरी खूप झालं. पुढं गणिताच्या वाटेला लावायचीच नाही.’ सातवीतच एका पोरीची वाट बंद होत होती, तीही चुकीच्या समजुतीनं.

डोकं आहे, पूल नाही

असं फक्त आपल्याकडंच होतं असं नाही बरं का! नोबेल मिळवणारे अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो 2025 च्या फेब्रुवारीत ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बाजारातली मुलं अवघड हिशेब तोंडी करत होती, पण शाळेच्या पद्धतीनं मांडलेली सोपी गणितं त्यांना जड जात होती. उलट, शाळेची गणितं चांगली सोडवणाऱ्या मुलांना बाजारातला हिशेब जमत नव्हता. म्हणजे डोकं दोन्हीकडं आहे, मधला पूल तेवढा नाही. हा पूल बांधायला मोठी पदवी लागत नाही. रोज पंधरा मिनिटं आणि थोडा धीर लागतो.

कप्तानाचं वय किती?

1980 च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरात प्राथमिक शाळेतल्या मुलांना एक गमतीचं गणित घातलं होतं. एका जहाजावर 26 मेंढ्या आणि 10 शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? 97 पैकी 76 मुलांनी आकड्यांचं काहीतरी करून वय काढून दिलं! मी आमच्या पोरांना विचारलं, ‘एसटीत 32 माणसं आणि 6 कोंबड्या आहेत, तर ड्रायव्हरचं वय किती?’ एकजण लगेच म्हणाला, ‘अडतीस!’ मग सगळी हसून हसून लोळली.

हसण्यावारी नेलं तरी दुखणं इथंच आहे. मुलं गोष्ट वाचत नाहीत, आकडे वेचतात. आणि शब्दाला भुलतात. हे उदाहरण घरी विचारून बघा. ‘रमाकडे 15 बांगड्या आहेत. त्या उमापेक्षा 4 ने जास्त आहेत. तर उमाकडे किती?’ ‘जास्त’ दिसलं की पोर बेरीज करून 19 सांगतं. उत्तर आहे 11. ‘एकूण म्हणजे बेरीज, उरले म्हणजे वजाबाकी, प्रत्येकी म्हणजे भागाकार’ हा मंत्र तिसरीपर्यंत चालतो, पुढं दगा देतो. म्हणून तो मुलांना पाठ करून देऊ नका.

मग करायचं तरी काय?

माझ्या अनुभवात पाच गोष्टी उपयोगी पडल्या.

एक : पेन्सिल खाली ठेवायची आणि उदाहरण दोनदा वाचायचं. मग पुस्तक मिटून ती गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची. कोल्हापुरी बोलीत सांगितली तरी चालतंय की! गोष्ट सांगता आली नाही, तर अडचण गणिताची नसून वाचनाची आहे, हे कळतं. ‘शिल्लक’, ‘प्रत्येकी’, ‘दराने’, ‘अनुक्रमे’ हे शब्द मुलं घरात फारसे ऐकतच नाहीत. मग ते कळणार कसे?

दोन : काय दिलंय आणि काय विचारलंय, हे बोट ठेवून दाखवायचं. कधी कधी एखादा आकडा उगीच घुसडलेला असतो. तो ओळखला, की पोराला शाबासकी द्या.

तीन : चित्र काढायचं. सुंदर नको, साधी पट्टी पुरे. समजा, पोत्यातला तीन-चतुर्थांश गहू संपला आणि 6 किलो उरला, तर पोत्यात होता किती? एक लांब पट्टी काढा, चार सारखे भाग करा, तीन भाग रंगवा. उरलेला एक भाग 6 किलोचा, म्हणजे चार भाग 24 किलोचे! सिंगापूरच्या शाळांत 1980 च्या दशकापासून ही पट्ट्यांची रीत शिकवतात. रमा-उमाच्या बांगड्यांच्याही दोन पट्ट्या काढून बघा, कुणाची लांब ते लगेच दिसतं.

चार : अंदाज. आकडेमोडीच्या आधी विचारायचं, ‘उत्तर शंभराच्या आत येईल का बाहेर?’ भाजी घेताना आपण हेच तर करतो.

पाच : आलेलं उत्तर परत गोष्टीत घालून बघायचं. शाळेच्या 100 मुलींना पन्हाळ्याला न्यायचंय, एका जीपमध्ये 8 जणी बसतात, तर जीप किती? भागाकार सांगतो 12, बाकी 4. पोरं तेवढंच लिहून मोकळी होतात. एकीनं तर ‘साडेबारा जीप’ लिहिलं होतं! ‘अगं, अर्धी जीप घाट कशी चढणार?’ असं विचारल्यावर तिलाच हसू आलं. चार मुलींना मागं सोडायचं नसेल, तर 13 जीप लागतात.

हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी 1945 साली गणित सोडवण्याच्या अशाच पायऱ्या एका पुस्तकात सांगितल्या होत्या. समजून घ्या, योजना करा, ती पार पाडा आणि मागं वळून बघा. आपण नेमकी पहिली आणि शेवटची पायरी गाळतो.

आपली भाषा, आपली माणसं

मराठीत तर या कामाला उत्तम हत्यारं आहेत. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच... जुन्या लोकांना पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ असायची. 1.5 बघून बिचकणाऱ्या पोराला ‘दीड लिटर दूध’ म्हणा, चेहरा लगेच खुलतो. अडचणही भाषेतच आहे. ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी येतो आणि लिहिताना दोन. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशा वाचनाचा पर्याय दिला, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्या वेळी मुलांची बाजू शांतपणे मांडली होती. 2023 साली त्या गेल्या. मुलांना गणिताची भीती वाटू नये, ही त्यांची तळमळ होती.

आणि आपल्या कोल्हापुरात लीलाताई पाटील होत्या. 1985 साली त्यांनी सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. घोकंपट्टीपेक्षा मुलांनी अनुभवातून, आनंदानं शिकावं हा त्यांचा आग्रह. 2020 साली त्यांचं निधन झालं, पण तो विचार आपल्या स्वयंपाकघरातही राबवता येतो.

फार मागं जायचं तर भास्कराचार्यांची ‘लीलावती’ बघा. 1150 सालचा ग्रंथ. त्यातली गणितं म्हणजे गोष्टीच! वाऱ्यानं मोडलेला बांबू, सापावर झेपावणारा मोर, तळ्यातले हंस, फुलांवरचे भुंगे. आणि बरीच गणितं चक्क एका मुलीला उद्देशून घातलेली. साडेआठशे वर्षांपूर्वी मुलीला गणित घालणारा माणूस या मातीत होता, आणि आज आपण म्हणायचं, ‘पोरीला गणित घेऊन काय करायचंय?’

पोरांनाच गणित रचू द्या

त्या सातवीतल्या मुलीला मी उदाहरणं सोडवायला दिलीच नाहीत. म्हटलं, ‘तू गणित घाल, मी सोडवते.’ पहिल्या दिवशी तिनं भाजीच्या पाटीचं गणित रचलं. आठवड्यात चुलीवरची भाकरी, रंकाळ्याची फेरी, मामाच्या गावची एसटी अशी वही भरली. मुद्दाम एक जास्तीचा आकडा घालून मला चकवायलाही लागली! गोष्ट रचता येऊ लागली, तशी पुस्तकातली गोष्ट उलगडायची भीती गेली. पुढच्या चाचणीत तिला पैकीच्या पैकी गुण काही पडले नाहीत. पण एकही शाब्दिक उदाहरण तिनं कोरं सोडलं नाही. तिची आई म्हणाली, ‘वहिनी, बघू या की पुढं काय करते ती.’ माझ्या दृष्टीनं हाच मोठा निकाल!

हा आत्मविश्वास नुसत्या गुणांसाठी नको आहे, मैत्रिणींनो. उद्या हीच पोर बचत गटात बसेल, कर्जाच्या कागदावर सही करेल. ‘महिना शेकडा दोन’ ऐकायला किती किरकोळ वाटतं! पण ते वर्षाला 24 टक्के होतात. 50 हजारांचं मुद्दल तसंच राहिलं, तर वर्षाला 12 हजार रुपये नुसतं व्याज! तिथं ‘बेरीज करू का वजाबाकी’ हे सांगायला शेजारी कुणी काकी नसते. आयुष्याची सगळी गणितं शाब्दिकच असतात.

तेव्हा आज रात्री भाकरी थापता थापता पोराला एवढंच म्हणा, ‘पुस्तक मीट आणि मला गोष्ट सांग बघू.’ उत्तराची घाई नको. गोष्ट नीट सांगितली, की उत्तर आपोआप मागून येतंय.